सूचना वही शाळेच्या फाटकातच राहू द्या

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांच्या सर्व मुख्याध्यापक सरांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. २००३ साली नोकरीला लागले. सध्या दहावीच्या दोन तुकड्या आणि आठवीची एक माझ्याकडे आहे. शाळेचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते एका शाळेचं गाऱ्हाणं नव्हे, आणि आमचे मुख्याध्यापक मनाने चांगले गृहस्थ आहेत.

हे पत्र मंत्रालयात पाठवा, असं स्टाफरूममध्ये दोघा-तिघांनी सुचवलं. शिक्षक आमदारांना द्या, असंही एकजण म्हणाले. तिकडे निवेदनं आम्ही पुष्कळ दिली आहेत. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आमच्या धाकट्या सहकाऱ्यांसाठी आम्ही जुनी मंडळीही रस्त्यावर उतरलो होतो. पेन्शन, शाळांना टप्प्याटप्प्याने मिळणारं अनुदान, शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता हे मुंबईत सुटायचे प्रश्न आहेत. त्यात तुमचा इलाज नाही, हे मला कळतं. पण शाळेच्या मेसेजमध्ये जाणारी आमची संध्याकाळ तुमच्या हातात आहे. म्हणून पत्र तुम्हाला.

गेल्या डिसेंबरातली एक रात्र सांगते. जेवणं झाली होती, ओटा पुसून झाला होता, दुधाला विरजण लावलं होतं. मी टेबलावर दहावी 'ब'च्या वह्या घेऊन बसले होते. समरूपतेचा सरावसंच होता आणि निम्म्या मुलांनी संगत बाजूंची गुणोत्तरं उलटी लिहिली होती. सगळ्यांची चूक एकाच जागी झाली की ती मुलांची नसते, शिकवताना माझंच काहीतरी राहिलेलं असतं. नेमकं काय राहिलं, याचा विचार करत होते. तेवढ्यात पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. 'आधार मिसमॅच विद्यार्थ्यांची माहिती सोबतच्या लिंकवर उद्या सकाळी १० पर्यंत भरावी. अत्यंत तातडीचे. विलंब झाल्यास वर्गशिक्षक जबाबदार राहतील.' वर 'फॉरवर्डेड' अशी खूण होती. कुठून तरी आला तसाच पुढे आला होता. पाच-सात मिनिटांत खाली अकरा 'ओके सर' जमा झाले. बारावा माझा.

माझ्या वर्गातली आठ नावं जुळत नव्हती. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आधार कार्डावर आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत मुलाचं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, नाहीतर अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभराचा ओळख क्रमांक, तयार होत नाही. एका ऐश्वर्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे 'व्ही' होता, दुसरीकडे 'डब्ल्यू'. एका मुलाची जन्मतारीख १ जून होती. दाखल करताना नेमकी तारीख माहीत नसली की पूर्वी घरोघरी घालायचे ती १ जून. मी फोन लावायला घेतले. ऐश्वर्याचे वडील ट्रॅक्टर चालवतात. हंगाम चालू होता आणि ते कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या घेऊन नंबर लावून उभे होते. रात्री सव्वादहाला शाळेतल्या मॅडमचा फोन म्हटल्यावर त्या माणसाच्या छातीत धस्स झालं. पहिलं वाक्य हेच, "मॅडम, पोरगी बरी हाय न्हवं?" मी आधार कार्डाचा फोटो मागते आहे हे त्यांना समजेपर्यंत मलाच अपराध्यासारखं झालं.

ती लिंक दुसऱ्या दिवशी दहाला बंद झाली नाही. पुढचे बारा दिवस चालू होती. त्या बारा दिवसांत तीच माहिती एकदा एक्सेलमध्ये मागवली गेली आणि एकदा छापून, सही-शिक्क्यानिशी, दोन प्रतींत. वह्यांचा गठ्ठा त्या रात्री तसाच राहिला आणि गुणोत्तरं उलटी का होतात, हा विचारही.

मी नोकरीला लागले तेव्हा शाळेत सूचना वही होती. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्यावर सह्या केल्या असतील. लाल कापडी पाठीची, लांबट. मुख्याध्यापक तीत सूचना लिहायचे आणि शिपाईमामा ती घेऊन वर्गावर्गात फिरायचे. फळ्यावरचं समीकरण अर्धवट सोडून आपण दारात यायचो, वाचायचो, सही करायचो. मामा पुढच्या वर्गाकडे जायचे. पाच वाजून गेल्यावर आलेली सूचना दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मिळायची. त्यामुळे कुणाचं काही अडल्याचं मला आठवत नाही. त्या वहीत कामं कमी नव्हती. जनगणना, निवडणूक, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बोर्डाचं बैठक व्यवस्थेचं काम, सगळं होतं. पण ती वही शाळेच्या फाटकाबाहेर कधी आली नाही.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळं मोबाईलवर गेलं. तेव्हा ते लागतच होतं. मुलांचे ग्रुप, पालकांचे ग्रुप, विषयाचे ग्रुप, तालुक्याचे ग्रुप. मुलं घरात कोंडली होती, हातात फोन होता तेवढीच शाळा. रात्री दहाला एखाद्या मुलाने गणित विचारलं तर आम्ही आनंदाने सोडवून फोटो पाठवत होतो. मग शाळा उघडल्या, मुलं बाकांवर परत आली, पण ग्रुप काही बंद झाले नाहीत. त्या दोन वर्षांत शिक्षकाच्या घराचं दार उघडं राहिलं ते राहिलंच.

मी गणिताची शिक्षिका, म्हणून जानेवारीत चार आठवडे मोजदाद केली. शाळेबाहेर शाळेचं जे जे काम केलं ते मिनिटांसकट एका वहीत लिहीत गेले. मापाला आकडा हवा, म्हणून शिक्षणहक्क कायदा, २००९ चा घेतला. त्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान कामाचे तास ४५ दिले आहेत, तयारीचे तास धरून. हा कायदा आठवीपर्यंतचा, नववी-दहावीला तो लागत नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्या बहुतेक शाळा पाचवी ते दहावीच्या आहेत आणि तोच शिक्षक आठवीवरून उठून दहावीवर जातो.

आमची शाळा सोमवार ते शुक्रवार ११ ते सव्वापाच आणि शनिवारी सकाळी साडेसात ते साडेअकरा. बेरीज ३५ तास १५ मिनिटं. म्हणजे ४५ पुरे व्हायला राहिले ९ तास ४५ मिनिटं. माझ्या दोन्ही तुकड्यांत मिळून ११९ मुलं. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी चार तास झाले. आठवीच्या वह्या आणि अधूनमधून येणाऱ्या चाचण्या धरून तपासणीचे आठवड्याला सरासरी सहा तास निघाले. तयारीला साडेतीन. एकूण साडेनऊ.

हा आकडा पाहून मी चाट पडले. मला वाटलं होतं शिकवण्याचं कामच उतू जातंय. तसं नव्हतं. वह्या, पेपर, तयारी हे सगळं त्या ४५ तासांच्या मापात बसत होतं. बाहेर सांडत होते ते वेगळेच सात तास. लिंक, एक्सेल, फोटो अपलोड, 'पाहिले असल्यास कळवा', 'अद्याप अमुक वर्गाची माहिती अप्राप्त', पालकांना ओटीपी विचारायचे फोन. तिसऱ्या आठवड्यात मी या सात तासांचे तुकडे मोजले. ३१ निघाले. कुठलाही एक तुकडा पाऊण तासाचा नाही. आठ मिनिटं, वीस मिनिटं, चार मिनिटं. सलग सात तास एका रविवारी मागितले असते तर परवडलं असतं, असं मी प्रामाणिकपणे सांगते. आठ मिनिटांचं काम आठ मिनिटांत संपत नाही. भात कुकरमध्ये असतो, मुलगी समोर काहीतरी सांगत असते, आपण 'हं, हं' म्हणत स्क्रीनकडे बघतो, आणि काम झाल्यावर तिला म्हणतो, "काय म्हणत होतीस?" ती म्हणते, "काही नाही."

पूर्वपरीक्षेचा आठवडा मी यात धरलेला नाही. तेव्हा बीजगणित आणि भूमिती मिळून २३८ पेपर असतात. आठ मिनिटांनी एक म्हटला तरी ३१ तास ४४ मिनिटं. पण त्याचा मला कधी त्रास वाटला नाही, कारण तो येणार हे जूनपासून ठाऊक असतं. घरात सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या यजमानांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. त्या आठवड्यात ते लवकर येतात, आमटी-भात करतात, आणि मुलगी पेपरच्या गुणांची बेरीज तपासून देते. माहीत असलेल्या कामाला घर जागा करून देतं. रोजच्या पावणेदहाच्या मेसेजला ते कुठून जागा देणार?

आता एक खाजगी गोष्ट. ती लिहावी की नाही याचा आठ दिवस विचार केला. माझी आई गारगोटीजवळच्या आमच्या गावी असते, एकटी. वडील गेल्यापासून ती रोज रात्री नऊला मला फोन करायची. बोलणं काही मोठं नसायचं. म्हशीनं किती दूध दिलं, कुणाच्या घरी बारसं, तुझं डोकं दुखतंय का. त्या जानेवारीच्या वहीत मी चौथ्या आठवड्यात एक गोष्ट पाहिली. आईचा फोन अकरा दिवसांत आलेलाच नव्हता. मला त्याचा पत्ता नव्हता. मी लावला तर म्हणाली, "तुजा फोन रोज बिझीच लागतोय. कामात असशील म्हणून न्हाई लावला." मग बोलता बोलता कळलं की न्हाणीघरात पाय घसरून तिचा डावा हात मनगटात मोडला होता. भावाने गारगोटीला नेऊन प्लॅस्टर घातलं होतं. मला सांगू नकोस, तिची दहावीची गडबड चाललीय, असं तिनेच त्याला बजावलं होतं.

यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. तो माझाच फोन होता आणि मीच तो कानाला लावून बसले होते. पण त्या अकरा दिवसांतले माझे रात्री नऊ ते दहाचे फोन मी वहीत पाहिले. सगळे ओटीपीचे आणि आधारचे होते. त्यातला एकही असा नव्हता की जो दुसऱ्या दिवशी अकरानंतर शाळेच्या ऑफिसमधून करता आला नसता.

लोक म्हणतात, तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या. वर्षाच्या ७६ सुट्ट्या आम्ही नाकारत नाही. पण सुट्टी म्हणजे ज्या दिवशी मुलं शाळेत नसतात तो दिवस, आणि मेसेज मुलांबरोबर घरी जात नाही.

आमच्याकडे एक तरुण सर आहेत. विज्ञान शिकवतात, मुलं त्यांच्या प्रयोगाच्या तासाची वाट बघतात. त्यांची तुकडी अंशतः अनुदानित, म्हणजे सरकारकडून पगाराचा काही भागच येतो, त्यामुळे पगारही अर्धामुर्धा. पहाटे पाचला उठून चार म्हशींची धार काढतात, डेअरीला दूध घालतात, वैरण टाकून शाळेत येतात. संध्याकाळी पुन्हा धार. त्यांच्यासाठी साडेसहा ते साडेआठ ही वेळ म्हणजे घराचा निम्मा खर्च आहे. त्या वेळेत ते फोन गोठ्याबाहेर खुंटीला टांगून ठेवतात. एकदा त्यांनी 'ओके सर' लिहिलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत विचारणा झाली. त्यांनी काही सांगितलं नाही, नुसतं "चुकलं सर" म्हणाले. गोठ्यात होतो, हे शिक्षकाला सांगायची लाज वाटावी, हे मला फार लागलं. त्याहून कमी मिळणारे शिक्षण सेवक आहेत, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेले शिक्षक. माध्यमिकला १८ हजार मानधन. २०२३ च्या आधी तर ते ८ हजार होतं. ही मुलं शहरात खोली घेऊन राहतात, परीक्षांचे अभ्यास करतात, लग्नं ठरवतात. त्यांची संध्याकाळ आमच्यापेक्षा महाग आहे.

आणि बायकांबद्दल एवढंच सांगते, की २०१८ मध्ये बालसंगोपन रजा आली, १८० दिवसांची. फार चांगला निर्णय. पण आमच्या स्टाफमधल्या दोघींनी ती मागितली तेव्हा 'दहावीचं वर्ष आहे, बघू' असं उत्तर मिळालं. माध्यमिक शाळेत कुठलं वर्ष दहावीचं नसतं?

तुम्ही म्हणाल, आम्हालाही वरून येतं. खरं आहे. मी दोन महिने प्रभारी म्हणून तुमच्या खुर्चीत बसले आहे. एकीकडे वरिष्ठांची व्हीसी (व्हिडिओ बैठक) चालू, दुसरीकडे शाळेच्या पायरीवर पालक, आणि क्लार्क मेडिकलवर. त्या दोन महिन्यांत मीही रात्री मेसेज पुढे ढकलले आहेत. आला, धाडला, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ते बावीस डोक्यांवर जाऊन बसलं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. त्याबद्दल मी आमच्या स्टाफची माफी मागितली आहे. वरून आलेला मेसेज तुमच्यापाशी क्षणभर थांबतो. ती एकच जागा अशी आहे की जिथे कुणीतरी त्याच्याकडे बघून म्हणू शकतं, हे उद्या, हे ऑफिसकडेच आहे, हे कुणालाच विचारायची गरज नाही. तुम्ही खाली पाठवल्यावर तो थांबवायचा अधिकार कुणालाच उरत नाही.

मागितलेल्या माहितीतली निम्मी तरी आपल्या ऑफिसच्या कपाटात किंवा कॉम्प्युटरमध्ये असतेच. जातनिहाय संख्या, मुली किती, दिव्यांग किती, आधार किती. तीच माहिती वर्गशिक्षकाकडून चार वेळा गोळा करण्यापेक्षा जुलैत एकदा नीट तक्ता करून ठेवला आणि प्रवेश-दाखल्याप्रमाणे बदलत गेलं तर क्लार्क अर्ध्या तासात उत्तर देतो. आमच्या शाळेत एका सरांनी तसा तक्ता केला आहे, गेली दोन वर्षं वापरतोय. कपाटात नाही ती माहिती गोळा करायला एक तास द्या. आमचे आठवड्याचे मोकळे तास तसेही बदली तासांत, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या वर्गावर, जातात. त्यातला एक, फक्त एक, वर्गशिक्षकाला लिंकसाठी राखून द्या. शाळेच्या वायफायवर, शाळेच्या वेळेत, मुलं समोर असताना. 'तुझ्या आधारवर काय लिहिलंय रे' हे त्यालाच विचारता येतं.

निवडणूक आणि पुराबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही तीन कामं शिक्षकाला देता येतात असं म्हटलं आहे, आणि ती तीनही आम्ही करतो. २०२४ मध्ये ७ मेला लोकसभेचं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, दोन्ही वेळा आमचा निम्मा स्टाफ केंद्रांवर होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बालिंग्याच्या बाजूने रस्ता बंद झाला तेव्हा आमच्या वर्गखोल्यांत माणसं होती, व्हरांड्यात गुरं होती. मी पाच रात्री तिथे होते. बाकांच्या वर गोधड्या, फळ्यावर कुटुंबांची नावं आणि माणसांची संख्या. घरी पंधरा-पंधरा तास फोन नव्हता. तेव्हा कुणीच म्हणालं नाही की माझी संध्याकाळ गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

म्हणूनच रात्रीच्या मेसेजबद्दल एवढं लिहिते आहे. आपल्या जिल्ह्यात रात्री यावाच असा एक मेसेज असतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यावर गेली, ४३ च्या धोक्याकडे निघाली, पुलावर पाणी आलं, उद्या शाळेला सुट्टी. तो रात्री अकराला येऊ दे, एकला येऊ दे. तो वाचला नाही तर एखादं मूल पहाटे सायकल घेऊन पाण्याच्या दिशेने निघतं. गेल्या पावसाळ्यात असा मेसेज आमच्या ग्रुपवर आला तेव्हा त्याच्या वर-खाली मिळून चौदा मेसेज होते. वृक्षारोपणाचे फोटो, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, एक लिंक आणि त्याखाली रांगेने 'ओके सर'. तिघांनी तो वाचलाच नाही. एक मॅडम सकाळी पुलापर्यंत जाऊन परत आल्या. रात्री सात ते सकाळी सात ग्रुप गप्प ठेवा, म्हणजे वाजला की आमच्या लक्षात येईल, पाणी चढतंय.

कार्यालयीन वेळेनंतर फोन-मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क असावा, असं खाजगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं होतं. कायदा झाला नाही. तो होईपर्यंत थांबायचं कारण नाही. मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी तुम्ही कुणाला विचारून देत नाही, तशीच ही गोष्ट आहे.

आणखी एक प्रसंग सांगते आणि थांबते. २६ जून, शाहू जयंती. आमच्याकडे त्या दिवशी सातवीतली एक मुलगी भाषणाला उभी राहिली. बुजरी, पहिल्यांदाच बोलत होती. कार्यक्रमाचे फोटो बारापर्यंत अपलोड करायचे होते, बॅनर दिसला पाहिजे, विद्यार्थी दिसले पाहिजेत, मान्यवर दिसले पाहिजेत. ते काम माझ्याकडे होतं. मी तिला मोबाईलच्या चौकटीतून पाहिलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग व्हरांड्यात रेंज येते तिथे गेले. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली. "मॅडम, माझं भाषण कसं झालं?" मी म्हटलं, "छान झालं." ती खुश होऊन गेली. मी तिच्या भाषणातला एक शब्द ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून तो कागद मागून घेतला. वहीचं फाडलेलं पान होतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, हे तिने लिहिलं होतं. त्याखाली तिच्या मनचं एक वाक्य होतं : 'माझी आजी शाळेत गेली नाही, तेव्हा तिच्या वडिलांना दंड झाला असता तर बरं झालं असतं.' मी ते पान घरी नेलं नाही. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं, समोर बसवलं आणि म्हटलं, मला पुन्हा एकदा म्हणून दाखव. तिने दाखवलं. माझा फोन तेव्हा पर्समध्ये होता.

माझ्यापुरतं मी आता ठरवलं आहे. सात वाजले की शाळेचा ग्रुप मूक करते. पावसाळ्यात, म्हणजे पंचगंगा पात्राबाहेर पडली की, चालू ठेवते. सकाळी शाळेत पोचल्यावर आधी सगळं वाचते आणि पहिल्या मोकळ्या तासात उत्तर देते. आजवर माझ्या वर्गाची एकही माहिती त्यामुळे राहिलेली नाही. ज्यांना जमेल त्यांनी करावं, पण शिक्षण सेवकाला आणि त्या म्हशींची धार काढणाऱ्या सरांना हे एकट्याने जमणार नाही. त्यांच्यासाठी तुम्हालाच म्हणावं लागेल, सातनंतर मी पाठवणार नाही. एवढं एक वाक्य, या आठवड्यात, तुमच्या ग्रुपवर लिहा. शाळेच्या वेळेत लिहा.

खरंच काही अडलं, एखादं मूल घरी पोचलं नाही, कुणाला दवाखान्यात न्यायचं आहे, तर मेसेज नको, थेट फोन करा. कितीही वाजले असू देत, मी उचलेन. नऊ ते साडेनऊ लाईन बिझी लागली तर जरा थांबून पुन्हा लावा. आईचं प्लॅस्टर निघालं आहे, पण मूठ अजून नीट आवळत नाही. रोज किती आवळली ते ती मला सांगते.

आपली नम्र,
एक गणित शिक्षिका
कोल्हापूर